गेमिंग पीसीचे पार्ट निवडताना या चुका टाळा (मला यादी पाठवण्याआधी वाचा)

"पीसी असेंबल करायचाय, ही यादी जरा बघ ना," असा मेसेज आला की उघडण्याआधीच यादी मला पाठ असते. वर दणदणीत प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग दिवे लुकलुकणारी रॅम, काचेचं कॅबिनेट आणि अगदी तळाशी 'एसएमपीएस, ६०० वॅट', म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, पत्ता नाही. मॉनिटर तर यादीतच नसतो. विचारलं तर म्हणतात, "जुना आहे ना!"

म्हणून माझा पहिला प्रश्न मॉनिटरचाच. रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) किती, हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) किती? १०८०पी म्हणजे एका फ्रेमला साधारण २०.७ लाख पिक्सेल, फोर-के म्हणजे ८३ लाख. चौपट काम, आणि त्याचा जवळजवळ सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. उलट १०८०पीवर २४० हर्ट्झचा हट्ट असेल तर बरेचदा कार्डाआधी प्रोसेसरलाच धाप लागते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरसमोर २०० फ्रेम काढणारं कार्ड बसवलंत तर दिसणार ६०च. आणि प्रोसेसरचे कोअर मोजत बसणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: आठ कोअरचा रायझन ७ ७८००एक्स३डी बहुतेक गेममध्ये सोळा कोअरच्या रायझन ९ ७९५०एक्सच्या पुढे असतो. त्याची ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) गेमना मानवते, जास्तीचे कोअर नुसते बसून राहतात.

बॉटलनेक कॅल्क्युलेटरचे (कुठला पार्ट दुसऱ्याला किती टक्के अडवतो ते सांगणाऱ्या वेबसाइटींचे) स्क्रीनशॉट मला पाठवू नका. कुठला गेम, कुठल्या सेटिंगवर खेळणार हे न विचारता जो टक्केवारी सांगतो, त्याचं ऐकून पार्ट बदलू नये.

आता एसएमपीएस. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

उरलेल्या पैशात एसएमपीएस बसवायचा, ही सवय कुठून आली कोण जाणे. बॉक्सवर '८० प्लस गोल्ड' दिसलं की लोक निर्धास्त होतात. पण तो शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. गोल्ड म्हणजे निम्म्या लोडवर भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण ९० टक्के वीज कामी येते. आत कॅपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो वेळेत बंद पडेल का, याबद्दल शिक्का एक अक्षर बोलत नाही. शिवाय आजची मोठी कार्डं क्षणभर आपल्या ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उडी मारतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा क्षणिक उड्या सोसण्याची अटच घातली आहे, ती काही हौस म्हणून नाही. डेस्कटॉपवर सगळं ठीक, गेम रंगात आला की मशीन खटकन बंद, निळी स्क्रीनसुद्धा नाही? आधी एसएमपीएसकडे बघा. लोक तीन वेळा विंडोज टाकतात आणि चौथ्यांदा माझ्याकडे येतात.

पण यातली सगळ्यात महागडी चूक मी स्वतः केली आहे, दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवत नाही. माझ्या मशीनमध्ये मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणारा, एसएमपीएस होता. तो बदलून दुसऱ्या कंपनीचा जास्त वॅटचा आणला. जुन्या साटा पॉवर केबली (ड्राइव्हना वीज देणाऱ्या) मी मागच्या बाजूने इतक्या सुबक बांधल्या होत्या की त्या झिप टाय कापायचं जिवावर आलं. जुनी केबल नव्या एसएमपीएसच्या खाचेत लावून पाहिली, टक्क करून बसली. बसली म्हणजे चालणार, असं मी धरलं. बटण दाबलं, पंख्याने जेमतेम अर्धा फेरा घेतला आणि सगळं शांत. दोन सेकंदांनी वास आला. इलेक्ट्रॉनिक्स जळल्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

केबलीचं ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कसलंही मानक नाही. तिथे कुठल्या पिनवर किती व्होल्ट, हे ज्या त्या कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळं. माझ्याकडे ५ व्होल्टच्या वायरीवर १२ व्होल्ट गेले. एसएसडी जागीच मेली. हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डावर एक टीव्हीएस डायोड असतो, तो स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या चिपा वाचवतो. दुरुस्तीवाल्याने तो काढला, डिस्क फिरली, आणि तिच्यावरची सहा वर्षांची चित्रं मी त्याच रात्री दुसरीकडे उतरवली. तेव्हापासून एसएमपीएस बदलला की जुन्या केबली त्याच्याच खोक्यात परत जातात, आणि प्रत्येक केबलीच्या टोकाला कागदी टेप लावून मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं. दिसायला गबाळं दिसतं. दिसू दे.

अजून एक, कंजूषपणाच्या खात्यातलं: कार्डाला दोन आठ-पिनी जोड असतील तर एकाच केबलीची दोन शेपटं लावून मोकळे होऊ नका, दोन वेगळ्या केबली ओढा. एका जोडाची ठरलेली मर्यादा १५० वॅट आहे.

सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जुळला म्हणजे प्रोसेसर चालला, असंही नाही. एएम४ सॉकेटचा जुना बी४५० बोर्ड आणि त्यात रायझन ५०००: बसतो छान, पण बायोस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असेल तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का, ते घेण्याआधी बघा. ते असलं की प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या बोर्डांत तर एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही प्रकारांत मिळतो. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून ती बसत नाही. हो, लावलेला पाहिला आहे.

प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं की स्क्रीनही गेली, मग दोष शोधणार कसा?

कॅबिनेटच्या पानावर 'कार्डाची लांबी ३६० मिमीपर्यंत' लिहिलेलं असतं, पण ते बरेचदा पुढे लिक्विड कूलरचा रेडिएटर नसताना. रेडिएटर २७ मिमी, त्यावरचा पंखा २५, म्हणजे ५२ मिमी गेले. कुणी जुन्या कॅबिनेटात नवं कार्ड बसवणार असेल तर मी त्या मापाचा पुठ्ठा कापून आत धरून बघते. हसतात. पुढची बाजू काचेने बंद असलेली कॅबिनेटं मी सुचवत नाही. हवा आत जाणार कुठून?

रॅमची एकच पट्टी घेऊ नका, दोन घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या ठरलेल्या वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम ४८०० वर रांगत राहील.

मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला. आणि १४४ हर्ट्झ घेतलाय तर विंडोजच्या सेटिंगमध्ये १४४ निवडा. तो आपोआप ६० वर राहिलेला मी महिन्यातून एकदा तरी पाहते.

कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक सोला. बस.

आता धीराचं. एएम५ (रायझनचा एएम४ नंतरचा सॉकेट) बोर्डावर डीडीआर५ रॅम लावून पहिल्यांदा मशीन चालू केलं की बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत बसतो. त्यात काही मिनिटं जातात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. भाच्याचं मशीन लावलं तेव्हा त्याने अर्ध्या मिनिटात "मावशी, बोर्ड मेला" म्हणून बटण दाबून ठेवलं. परत चालू केलं, परत तेच. तीनदा. रॅम काढू का, प्रोसेसर काढू का, असं त्याचं सुरू झालं होतं. चौथ्यांदा मी बटण दाबलं आणि त्याला खाली जाऊन माझा चष्मा शोधून आण म्हणून पाठवलं. तो रिकाम्या हाताने वर आला तेव्हा स्क्रीनवर बायोस होतं आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर.