कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शिकवण शेजारी ठेवून कशी अभ्यासावी

कॅथलिक परंपरा मानतात आणि प्रोटेस्टंट बायबल मानतात, अशा ढोबळ समजुतीने अभ्यासाला सुरुवात केली तर पुढे गोंधळच होतो, कारण पवित्र शास्त्र देवप्रेरित आहे यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. वाद आहे तो त्या शास्त्रात कोणती पुस्तके येतात आणि त्याच्या अर्थावरून मतभेद झाल्यास अखेरचा निवाडा कोणी करायचा, याविषयी. म्हणून कोणताही सिद्धान्त हाती घेतला की निवाडा कोण करतो आणि कशाच्या आधारे करतो, हा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारावा. आध्यात्मिक वाढीविषयीचे मतभेदही बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरातून निघतात.

प्रथम दोन्ही परंपरांची बायबले घेऊन अनुक्रमणिका ताडून पाहावी. नव्या करारात दोन्हीकडे २७ पुस्तके आहेत, परंतु जुन्या करारात कॅथलिक ४६ आणि प्रोटेस्टंट ३९ पुस्तके मानतात. टोबीत, यूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके हा तो फरक होय. शिवाय एस्तेर व दानीएल या पुस्तकांतील काही भाग कॅथलिक आवृत्तीतच सापडतात. ही पुस्तके प्रोटेस्टंटांनी फाडून टाकली किंवा कॅथलिकांनी ट्रेंटच्या धर्मसभेत (सोळाव्या शतकातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेत) ती नव्याने घुसडली, ही दोन्ही विधाने प्रचारकी आहेत. ट्रेंटने १५४६ मध्ये जी यादी बंधनकारक ठरवली, ती फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने शतकभर आधीच दिलेली होती. आणि प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके वेगळ्या विभागात का होईना, छापली होती. मात्र हा फरक केवळ पुस्तकांच्या संख्येचा नाही. मृतांसाठी प्रार्थना करण्याला कॅथलिक जो शास्त्राधार देतात, तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि ते पुस्तक प्रमाण न मानणाऱ्याला तो आधार पटणे शक्य नाही.

अधिकाराचा विषय अभ्यासताना टीकाकारांचे लेखन बाजूला ठेवून प्रत्येक परंपरेचे स्वतःचे दस्तऐवज वाचावेत. कॅथलिक बाजूसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला, दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज पुरेसा आहे. तो फार मोठा नाही. शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी उगमातून येतात आणि त्यांचा अधिकृत अर्थ सांगण्याचे काम पोप व बिशप यांच्या शिक्षणाधिकाराकडे आहे, असे तो म्हणतो. पण हा अधिकार देवाच्या वचनाहून वरचढ नसून त्याचा सेवक आहे, हेही तो त्याच ठिकाणी बजावतो. पोपचे प्रत्येक वाक्य अचूक मानले जाते हा समजही येथेच सोडून द्यावा. १८७० मध्ये या अचूकतेची व्याख्या झाली, आणि त्यानंतर तिच्या आधारे केलेली निर्विवाद घोषणा एकच, १९५० मधील मरियेच्या स्वर्गोन्नयनाची, म्हणजे येशूची आई मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली या शिकवणीची.

प्रोटेस्टंट बाजूसाठी ऑग्सबर्गचा विश्वासकबुलीजबाब (१५३०) आणि वेस्टमिन्स्टरचा कबुलीजबाब (१६४६), म्हणजे त्या चर्चेसनी केलेली आपल्या विश्वासाची अधिकृत मांडणी, वाचावेत. 'केवळ शास्त्र' याचा अर्थ प्रत्येकाने एकट्याने बसून मनाला येईल तो अर्थ काढावा, असा नाही. प्राचीन मतांगीकार (विश्वासाची संक्षिप्त सूत्रे) आणि धर्मसभा यांना मान आहे, परंतु त्या चुकू शकतात आणि त्यांची पारख शास्त्रावरच करायची असते, अशी ही भूमिका आहे. तिच्यातली अडचणही लपवू नये: १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले, 'हे माझे शरीर आहे' हे एकच वचन दोघांच्याही पुढे होते, तरी प्रभुभोजनाविषयी त्यांचे जमले नाही. कॅथलिकांनाही तितकाच अवघड प्रश्न विचारावा, तो असा की शिक्षणाधिकार शास्त्रावर उभा आहे, आणि त्या शास्त्राचा अधिकृत अर्थ तोच अधिकार सांगतो, तर त्याची तपासणी कोणी करायची?

यानंतर एक प्रत्यक्ष सराव करावा, आणि त्याला भरपूर वेळ द्यावा. रोमकरांस पत्र ३:२८ आणि याकोबाचे पत्र २:२४ ही वचने आधी त्यांच्या संपूर्ण अध्यायांसह वाचावीत. पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो की तो केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनीही नीतिमान ठरतो. प्रोटेस्टंट वाचकाच्या मते नीतिमान ठरणे ही देवाने एकदाच केलेली घोषणा आहे, पवित्रीकरण, म्हणजे जीवनात पवित्र होत जाणे, ही त्यानंतरची आयुष्यभराची वाटचाल आहे, आणि याकोब ज्या कर्मांविषयी बोलतो ती खऱ्या विश्वासाची फळे आहेत. कॅथलिक वाचकाच्या मते नीतिमान ठरण्यातच अंतरीचे नूतनीकरण येते आणि कृपेच्या बळावर केलेल्या कर्मांनी ते वाढत जाते. कॅथलिक स्वतःच्या कर्मांनी तारण विकत घेतात, असे म्हणणाऱ्याने ट्रेंटचा १५४७ चा निर्णय उघडून पाहावा, कारण कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते या मताचा निषेध हाच त्यातला पहिला नियम आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तरी काही ल्यूथरन चर्चेसना तो मान्य झाला नाही.

आध्यात्मिक वाढीचे विवेचन आता सोपे जाते. कृपा अंतरी वाढते असे मानणाऱ्या कॅथलिक परंपरेत सात संस्कार, नियमित पापनिवेदन, मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) आणि संतांचा सहवास ही वाढीची साधने ठरतात. घोषणा आणि वाढ वेगळी मानणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेत बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच संस्कार राहतात आणि भर उपदेश, शास्त्रवाचन व प्रार्थनेवर येतो. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या मेथडिस्ट चळवळीने यात लहान गटांतील परस्पर जबाबदारीची भर घातली. दोन्ही पद्धती स्वतः करून पाहाव्यात. एकच उतारा एकदा वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान या मठवासी क्रमाने घ्यावा, आणि दुसऱ्यांदा संदर्भ, लेखकाचा हेतू आणि आपल्या आचरणासाठी त्याचा अर्थ या क्रमाने घ्यावा.

शेवटी प्रत्येक परंपरेची भूमिका अर्ध्या पानात लिहून काढावी आणि ती त्याच परंपरेतील जाणत्या व्यक्तीला, धर्मगुरूंना किंवा पाळकांना, दाखवावी. 'आम्ही असे म्हणत नाही' असे ज्या वाक्याविषयी ऐकावे लागेल, ते वाक्य खोडून त्यांच्याच शब्दांत पुन्हा लिहावे आणि मगच त्यावर टीका करावी.