आयबीएस: बंद केलेले पदार्थ पुन्हा कसे सुरू करावेत

आयबीएस म्हणजे पोटदुखी, पोट फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ असा आतड्यांचा सतत छळणारा त्रास. त्याचं निदान डॉक्टरांकडून झालंय, हे धरून लिहिते. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, पोटदुखीने रात्री जाग येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. गहू सोडण्यापूर्वी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) तपासणी उरकून घ्या. नंतर ती फसवी येऊ शकते.

इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, पेलाभर पाण्यासोबत. गव्हाचा कोंडा नको, त्याने पोट आणखी फुगतं.

‘मिनरल वॉटर प्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ लिहिलेलं असतं, म्हणजे नुसतं शुद्ध केलेलं पाणी. फ्रान्सच्या हेपारसारख्या झऱ्याच्या पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅमहून जास्त मॅग्नेशियम आणि भरपूर सल्फेट असतं, त्याने बद्धकोष्ठाला उतार पडतो. जुलाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि किडनीच्या रुग्णांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग चार आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, आंबा, सफरचंद बंद. भात, ज्वारी, नाचणी, अंडी, गाजर, काकडी चालू. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाने घडवलेला लो-फॉडमॅप आहार तो हाच. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, तिथे आंबून वायू करणाऱ्या शर्करा.

बंद करणं सोपं आहे. खरी कसोटी परत सुरू करताना लागते. बरं वाटतंय म्हणून मी वर्षभर काहीच सुरू केलं नाही आणि जेवणाचा आनंद घालवून बसले. मग एका लग्नात मिसळ खाल्ली, रात्रभर पोट दुखलं. दोष कांद्याचा, लसणाचा, मटकीचा की पावाचा? काहीच कळलं नाही. म्हणून कळकळीने सांगते, परीक्षा एका वेळी एकाच पदार्थाची घ्या.

दूध घ्या: पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. बाकी जेवण तेच, बंधनातलं. त्रास झाला तर तिथेच थांबा. मग तीन दिवस विश्रांती, त्यानंतर पुढचा पदार्थ. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा. पाळीच्या दिवसांत किंवा प्रवासात परीक्षा नको, निकाल चुकतो. वहीत पदार्थ, प्रमाण, वेळ आणि त्रास लिहा. आठवणीवर अजिबात विसंबू नका.

एक पदार्थ नापास झाला म्हणून तो जन्मभर वर्ज्य होत नाही. मला दूध चाललं, लसूण अर्ध्या पाकळीपर्यंत, कांदा मात्र नाही. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग घालते. लसणाच्या पाकळ्या फोडणीच्या तेलात परतून काढून टाकते: त्रास देणारं फ्रुक्टन (लसूण-कांद्यातला फॉडमॅप) पाण्यात उतरतं, तेलात नाही. पण पाकळ्या तेलातून निघाल्याशिवाय भाजी टाकायची नाही, भाजीचं पाणी सुटलं की फ्रुक्टन रश्शात उतरलंच.