बाल्डर्स गेट ३: चौघांच्या पार्टीत कुणी काय करायचं आणि लढाई कशी खेळायची

चौघं मित्र 'बाल्डर्स गेट ३' हा आळीपाळीनं टर्न घेत खेळायचा व्हिडिओ गेम सुरू करतात तेव्हा वाटणी ठरलेली असते. तिघं तलवारी उचलतात आणि जो सगळ्यात उशिरा ऑनलाइन येतो त्याच्या गळ्यात क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा पुजारी, पडतो. "तू हील कर भावा, आम्ही मारतोय की." गॉब्लिन कॅम्पपर्यंत हे कसंबसं रेटता येतं. पुढं प्रत्येक लढाईत कुणीतरी लोळत असतो, क्लेरिक त्याला उठवत असतो आणि शत्रू काही कमी होत नाहीत.

याचं कारण गेमच्या हिशोबात आहे. इथं १ हिट पॉइंट (जिवाचा आकडा) उरलेला शत्रूसुद्धा पूर्ण ताकदीनं मारतो. चार गॉब्लिनना थोडं थोडं जखमी केलं तर पुढच्या फेरीत चारही वार तुमच्यावर येतात. तेवढ्याच डॅमेजमध्ये दोन पूर्ण मारले असते, तर दोनच वार आले असते. म्हणून रोल कुठलाही असो, एकच विचारायचं: याच्यामुळं शत्रूचे किती टर्न वाया गेले, किंवा आपले किती वाढले?

एका टर्नमध्ये काय काय मिळतं

एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन, साधारण ९ मीटर चाल आणि एक रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये आपोआप होणारी प्रतिक्रिया). नवखे खेळाडू ॲक्शन वापरून 'एंड टर्न' दाबतात, बोनस ॲक्शन तशीच राहते. औषधाची बाटली पिणं, ढकलणं, उडी मारणं, लपणं, हे सगळं या गेममध्ये बोनस ॲक्शनवर होतं. उडीला वरून ३ मीटर चाल लागते. कड्याच्या टोकाला उभा असलेला शत्रू दिसला की आधी त्याला ढकलायचा विचार करा. ३० हिट पॉइंटचा राक्षस एका बोनस ॲक्शनमध्ये जातो. दरी अथांग असेल तर त्याच्या अंगावरचा मालही त्याच्यासोबत जातो, तेवढं बघून ढकला.

पहिला टर्न कुणाचा, हे ठरवायला हा गेम २० नव्हे तर ४ बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात डेक्स्टेरिटीचा बोनस मिळवतो. डेक्स्टेरिटी १६ असेल तर आकडा ४ ते ७ येतो, १० असेल तर १ ते ४. म्हणजे चपळ माणूस जवळजवळ नेहमीच आधी खेळतो. आपल्या दोघातिघांचे टर्न लागोपाठ आले तर ते कुठल्याही क्रमानं खेळता येतात. व्हॉइस चॅटवर "थांब, आधी मी ग्रीस टाकतो, मग तू ये" असं बोलायची हीच वेळ. चौघं एकदम बटणं दाबायला लागले की हा फायदा गेला.

रोल म्हणजे नक्की काय काम

आधी टँक, म्हणजे पुढं उभा राहून मार झेलणारा, कारण गैरसमज त्याच्याबद्दलच जास्त आहेत. बाकी ऑनलाइन गेममध्ये टँकनं आरोळी ठोकली की सगळे शत्रू त्याच्याकडं वळतात. इथं तसं बटण सरसकट नाही. पॅलाडिनचं कम्पेल्ड ड्युएल आणि बॅटल मास्टरचा गोडिंग अटॅक असे मोजके अपवाद आहेत, बाकी शत्रू आपल्या सोयीनं निशाण निवडतो आणि सहसा कमी चिलखतवाल्याच्या मागं लागतो. त्यामुळं आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) २० करून एका कोपऱ्यात उभा राहिलेला टँक निव्वळ शोभेचा. त्याचं काम जागा अडवण्याचं आहे: दार, जिना, अरुंद पूल. तिथून कुणी निसटायला लागला की रिॲक्शनवर त्याला फुकटचा वार बसतो. हा वार फेरीत एकदाच मिळतो, म्हणून उघड्या मैदानात एक टँक तिघांना अडवू शकत नाही. चौथ्या लेव्हलला सेंटिनल फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) घेतलं तर तो वार लागलेला शत्रू तिथंच थांबतो.

गेममधली योद्धा साथीदार लेझेल या जागेला चांगली, पण तिला नुसतं अडवायला ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. दुसऱ्या लेव्हलला मिळणारा ॲक्शन सर्ज त्याच टर्नमध्ये आणखी एक ॲक्शन देतो. पाचव्या लेव्हलला एका ॲक्शनमध्ये दोन वार होतात. म्हणजे सर्ज वापरला की एका टर्नला चार वार.

चौथ्या लेव्हलचं ग्रेट वेपन मास्टर फीट सगळे घेतात आणि चालू करून विसरतात. ते निशाण्यातून ५ वजा करतं आणि डॅमेजमध्ये १० वाढवतं. हिशोब मांडून बघू. लेझेलची स्ट्रेंग्थ १७ धरली तर चौथ्या लेव्हलला तिचा निशाणा +५, म्हणजे २० बाजूंच्या फाशात ५ मिळवून बेरीज आर्मर क्लासइतकी झाली की वार लागतो. मोठ्या तलवारीचं सरासरी डॅमेज १०. समोरच्याचा आर्मर क्लास १४ असेल तर साधा वार ६० टक्के वेळा लागतो, म्हणजे सरासरी ६. फीट चालू केल्यावर ३५ टक्के वेळा लागतो पण २० बसतात, म्हणजे ७. थोडाच फायदा. आता क्लेरिकनं ब्लेस हा मंत्र दिला तर हेच आकडे ७.२५ आणि ९.५ होतात. आणि समोर १८ आर्मर क्लासचा चिलखतवाला असेल तर साध्या वाराला ४, फीटला ३. तिथं ते बंदच ठेवायचं. निशाणीवर कर्सर नेला की टक्केवारी दिसते. साधा वार निम्म्याहून जास्त वेळा लागत असेल तरच चालू ठेवा.

या हिशोबातूनच क्लेरिकचं खरं काम कळतं. ब्लेस तिघांना मिळतो आणि प्रत्येक वारावर, प्रत्येक सेव्हवर (परिणाम टाळायच्या फाशावर) ४ बाजूंचा फासा जास्त टाकायला देतो. सरासरी साडेबारा टक्के वाढ, १० टर्न, पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक). त्याउलट क्युअर वूंड्स पूर्ण ॲक्शन खातो आणि सुरुवातीला साडेसात हिट पॉइंट परत देतो. गॉब्लिनच्या एका वारात त्यातले बहुतेक जातात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर गोलकीपर कितीही चांगला असला तरी बचावफळी मोकळी सोडून कुणी सामना जिंकत नाही. हीलरच्या भरवशावर खेळणं तसंच आहे.

हील कधी करायचं? कुणी आडवा पडला की. तेही हीलिंग वर्डनं, कारण ते बोनस ॲक्शनवर होतं आणि १८ मीटरवरून पोचतं. त्यातून पाच हिट पॉइंट मिळाले तरी पुरे, माणूस उठून परत खेळात येतो. हेल्पनं उठवता येतं पण त्याला ॲक्शन जाते आणि १ हिट पॉइंटच मिळतो. दोघं जवळजवळ असतील तर हीलिंगची बाटली त्यांच्या मधोमध जमिनीवर फेका. शिंतोडे दोघांनाही लागू पडतात.

गेममधली क्लेरिक साथीदार शॅडोहार्टबद्दल एक तक्रार सगळ्यांची असते: "हिची फायर बोल्ट लागतच नाही." लागणार कशी? ती बोल्ट तिला क्लेरिक म्हणून मिळालेली नाही, वंशातून आलेली आहे आणि तिला बुद्धीचा बोनस लागतो. तिची इंटेलिजन्स १०, म्हणजे बोनस शून्य. १४ आर्मर क्लाससमोर ४५ टक्के. सेक्रेड फ्लेम वापरा, त्याला तिची १७ ची विझडम कामाला येते. शिवाय तिचं ट्रिकरी डोमेन (क्लेरिकचा उपप्रकार) लढाईत फारसं उपयोगाचं नाही असं आमचं स्पष्ट मत. कॅम्पमधल्या विदर्सला १०० सोन्याची नाणी दिली की क्लास, सबक्लास, आकडे सगळं बदलून मिळतं. जड चिलखत हवं तर लाइफ, फायरबॉल हवा तर लाइट. (ती नाणी नंतर विदर्सच्या खिशातून काढताही येतात, पण ते चोर साथीदार ॲस्टारियनवर सोडा.)

विझर्ड (जादूगार) म्हणजे मैदान बांधणारा. नवशिके त्याच्याकडून डॅमेज मागतात, आणि पहिल्या चार लेव्हलला ते त्याच्याकडं फारसं नसतं. त्याच्याकडं स्लीप हा झोपवणारा मंत्र असतो. पहिल्या लेव्हलला एकूण २४ हिट पॉइंटपर्यंतचे शत्रू झोपतात, कुठल्याही सेव्हशिवाय. सध्या उरलेले हिट पॉइंट मोजले जातात, म्हणून आधी इतरांनी थोडं मारायचं, मग स्लीप टाकायचं. झोपलेल्याला लगेच उठवू नका, आधी जागे आहेत ते संपवा. ग्रीस (घसरडी जमीन), वेब (चिकट जाळं) हेही त्याच कामाचे, पण दोन्ही पेट घेतात. आपला माणूस आत असताना मशाल किंवा फायर बोल्ट नको. शेवटी २-३ हिट पॉइंट उरलेले दोनतीन शत्रू असतील तर मॅजिक मिसाइल. तीन बाण, प्रत्येकी २ ते ५, आणि चुकत कधीच नाहीत.

पाचव्या लेव्हलला फायरबॉल येतो: ६ बाजूंचे ८ फासे, सरासरी २८. इव्होकेशन विझर्ड असेल तर आपल्या माणसांना त्याची झळ लागत नाही. मंत्रविद्येची दुसरी कुठलीही शाखा घेतली असेल तर टाकण्याआधी व्हॉइस चॅटवर ओरडून सांगा. गेममधला विझर्ड साथीदार गेल, त्याच्या हातात ढाल द्यायला बहुतेक जण विसरतात. तो मानव असल्यामुळं त्याला ढाल आणि हलकं चिलखत चालतं. मेज आर्मर हा मंत्र आणि ढाल मिळून आर्मर क्लास १६ च्या आसपास जातो. मध्यम चिलखत मात्र घालू नका. ज्याचं प्रशिक्षण नाही ते अंगावर असेल तर मंत्रच टाकता येत नाही.

रोगचं, म्हणजे लपून वार करणाऱ्या चोराचं, थोडक्यात. त्याचा जादा डॅमेजचा स्नीक अटॅक टर्नला एकदाच मिळतो. त्यासाठी ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची सवलत) हवा किंवा निशाणाच्या शेजारी आपला माणूस हवा. म्हणून ॲस्टारियननं लेझेल ज्याच्याशी भिडली आहे त्यालाच मारायचं, लांबच्या मोकळ्या शत्रूला नाही. तिसऱ्या लेव्हलला थीफ घेतला की बोनस ॲक्शन दोन होतात.

तलवारवाले दोघं हट्टालाच पेटले तर दुसऱ्याला पॅलाडिन करा. त्याच्याकडं हील करणारं ले ऑन हँड्स आणि ब्लेस दोन्ही असतं, क्लेरिकवरचा भार हलका होतो. रोग नको असेल तर कुलपं उघडायला डेक्स्टेरिटी चांगली असलेला कुणीही चालतो, फक्त बॅकग्राउंड अर्चिन किंवा शार्लटन ठेवा.

कॉन्सन्ट्रेशन: इथं निम्म्या लढाया हरतात

ब्लेस, वेब, हेस्ट, होल्ड पर्सन यांना कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे मंत्र टिकवायला लक्ष धरून ठेवावं लागतं. एका माणसाला एका वेळी एकच. ब्लेस चालू असताना क्लेरिकनं दुसरा असा मंत्र टाकला की ब्लेस गुपचूप उडतो. डॅमेज बसलं की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह येतो: १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते गाठायचं. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेली शॅडोहार्ट १० हा आकडा ६५ टक्के वेळा गाठते. ब्लेस देताना तिघांत तिलाही धरा, ते ७७.५ टक्क्यांवर जातं. वॉर कास्टर फीट घेतलं तर ब्लेसशिवायही सुमारे ८८. हेस्टच्या बाबतीत तर जास्तच जपा. तो तुटला की ज्याच्यावर होता त्याचा पुढचा टर्न जातो, म्हणून तो टाकणाऱ्यानं मागं, आडोशाला उभं राहायचं.

लढाई सुरू होण्याआधी

बहुतेक लढाया इथंच ठरतात. एक जण शत्रूच्या म्होरक्याशी बोलत असताना बाकी तिघं मोकळे फिरू शकतात. तेवढ्यात उंचावर चढा: वरून मारताना निशाण्यात २ वाढतात, खालून मारताना २ कमी होतात. बेसावध शत्रूवर लपून पहिला वार केला तर तो सरप्राइज होतो आणि त्याची पहिली फेरी जाते. शिफ्ट आणि स्पेस दाबून लढाईबाहेरही टर्न-बेस्ड मोड लावता येतो, पहारेकऱ्यांच्या नजरेतून निसटताना तो वापरा. उजवी क्लिक करून एक्झामिन उघडा, शत्रू कशाला कच्चा आहे ते तिथंच लिहिलेलं असतं. आणि क्रिएट वॉटर विसरू नका: भिजलेल्या शत्रूला वीज आणि थंडीचं डॅमेज दुप्पट बसतं. आगीचं मात्र निम्मं, म्हणून पाणी टाकून फायरबॉल मारणाऱ्याला शिव्या खायची तयारी हवी.

उदाहरण म्हणून ब्लायटेड व्हिलेजमधल्या विहिरीखालची फेज स्पायडर मेट्रिआर्क ही महाकाय कोळीण घ्या. सरळ भिडलं तर ही मादी पहिल्या ॲक्टमध्ये पार्टी साफ करते. तिचे कोळी एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडं उगवतात, म्हणजे दार अडवणारा टँक इथं बिनकामाचा. आधी लपूनछपून अंडी जाळा. पिल्लं बाहेर आली की शत्रूचे टर्न वाढले. मग वरच्या कडेला पांगून उभे राहा, कुणी कुणाला चिकटू नका. ती जाळ्याच्या पुलावर आली की गेलनं तिला सोडून पुलावर फायर बोल्ट टाकायची. पूल जळतो, ती खाली आपटते आणि एका कँट्रिपमध्ये (स्लॉट न लागणाऱ्या मंत्रात) मोठं डॅमेज बसतं. ती दुसऱ्या पुलावर गेली तर तोही जाळा. जाळ्यात स्वतः पाय ठेवू नका.

होस्ट आणि विश्रांती

राजारामपुरी, कसबा बावडा, फुलेवाडी, उजळाईवाडी अशा चार घरांतून खेळत असाल तर होस्ट (ज्याच्या मशीनवर सगळ्यांचा खेळ चालतो तो) त्यालाच करा ज्याच्याकडं इन्व्हर्टर आहे. होस्टची लाइट गेली की सगळ्यांचा खेळ बंद. मोठ्या लढाईआधी एफ५ दाबून सेव्ह करायची जबाबदारीही त्याचीच. ऑनर मोड या सगळ्यात अवघड प्रकारात सेव्ह एकच असतो, तिथं हा उपाय चालत नाही.

दोन लाँग रेस्टच्या (कॅम्पमधल्या रात्रभराच्या झोपेच्या) मध्ये दोन शॉर्ट रेस्ट मिळतात आणि प्रत्येकात निम्मे हिट पॉइंट भरून येतात. पार्टीत बार्ड असेल तर दुसऱ्या लेव्हलपासून तिसरी मिळते. वॉरलॉकचे स्लॉट आणि बॅटल मास्टरचे फासेही शॉर्ट रेस्टला परत येतात, म्हणून वॉरलॉक साथीदार विल आणि लेझेल एकत्र असतील तर त्या राखून ठेवायचं कारण नाही. लाँग रेस्टला ४० सप्लाय (खाण्याचा साठा) लागतात, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर ८०. दिसेल तो पाव, कांदा, चीज उचलून कॅम्पला पाठवत राहा. आणि गेलचे मोठे स्लॉट संपलेले असताना पुढचं दार उघडायची घाई करू नका, तिथं आधी झोपाच.