जुन्या मोटारीचे सुटे केलेले भाग गंजापासून कसे वाचवावेत

जुनी मोटार मूळ रूपात आणण्याचे काम महिनोन्‌महिने, कधी कधी काही वर्षेही चालते आणि त्यातला बहुतेक काळ सुटे केलेले भाग नुसते पडून असतात. गाडी धावत होती तेव्हा ज्या लोखंडावर रंगाचा किंवा तेलाचा थर होता, तेच लोखंड आता घासूनपुसून उघडे झालेले असते. त्यामुळे जुना गंज कष्टाने काढावा आणि त्याच जागी नवा धरावा, असे वारंवार घडते. यावर सर्वांत मोठा उपाय कोणत्याही डब्यात मिळत नाही, तो कामाच्या आखणीत आहे: जो भाग आज झाकता येणार नाही, तो आज उघडा करू नये.

सुटे करताना

प्रत्येक भागावरचा मळ लगेच काढलाच पाहिजे असे नाही, पण मळामळात फरक आहे. गिअरबॉक्सच्या किंवा ॲक्सलच्या अंगाला चिकटलेला तेलकट, काळा थर लोखंडाचे रक्षण करत असतो. त्या भागाची पाळी येईपर्यंत तो तसाच राहू द्यावा. मडगार्डच्या आतल्या कडांना आणि चासीच्या कोपऱ्यांत साचलेली माती मात्र ओलावा धरून ठेवते, आणि गाडी खारट हवेत किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरली असेल तर त्या मातीत क्षारही असतात. अशी माती पहिल्याच दिवशी खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन काढावी आणि भाग पूर्ण वाळवावा.

गंज काढताना

एकच पद्धत सगळ्या भागांना लावू नये. चासी, ब्रॅकेट, सस्पेन्शनचे हात अशा जाड भागांसाठी ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करून गंज उडवणे, उत्तम. मात्र दरवाजा, बॉनेट किंवा छप्पर यांच्या सपाट पत्र्यावर जोरात ब्लास्टिंग केल्यास पत्रा ताणला जाऊन लाटेसारखा वाकतो आणि तो पुन्हा सरळ करणे फार अवघड असते. साधी वाळू वापरू नये, कारण तिच्या सिलिका धुळीने फुफ्फुसांचा सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी ही माध्यमे वापरावीत, आणि तेव्हाही योग्य मास्क हवाच.

लहान, वेड्यावाकड्या आकाराच्या लोखंडी भागांसाठी माझी पसंती विजेच्या पद्धतीला आहे, कारण ती चांगल्या लोखंडाला जवळजवळ धक्का लावत नाही. प्लॅस्टिकच्या टबात दर चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न टेकवता पाण्यात सोडावेत. टोकांची अदलाबदल झाली तर गंजाऐवजी भागच झिजू लागतो, म्हणून चार्जर चालू करण्यापूर्वी जोडणी दोनदा तपासावी. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याच्या जागी मीठ वापरल्यास क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. या क्रियेत हायड्रोजन निघतो, तेव्हा काम मोकळ्या हवेत, ठिणगी व ज्योत यांपासून दूर करावे. लोखंडी तुकड्याकडे तोंड असलेली बाजू आधी साफ होते, म्हणून भाग अधूनमधून फिरवावा. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात घालू नयेत. सोडा त्यांना खातो.

सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावणही चांगले काम देते, पण त्यावर लक्ष ठेवावे लागते, कारण गंज संपल्यावर ते लोखंडावर चालू लागते. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट मात्र ॲसिडपासून आणि वरच्या विजेच्या पद्धतीपासून दूरच ठेवावेत. हायड्रोजन धातूत शिरून असे कठीण पोलाद ठिसूळ करतो, आणि त्याचा तुकडा पडतो तो पुढे कधीतरी, भर भाराखाली.

गंज निघाल्यानंतरचे काही तास

ताज्या उघड्या लोखंडावर दमट हवेत काही तासांतच पिवळसर-तांबूस झाक चढते. नुकत्या घासलेल्या पत्र्यावर उघड्या हाताचा अंगठा टेकवला, तर दुसऱ्या दिवशी त्या जागी अंगठ्याच्या रेषांसकट तपकिरी ठसा उमटलेला दिसू शकतो. घामातल्या क्षारांचे ते काम असते. म्हणून या टप्प्यापासून स्वच्छ हातमोजे घालूनच भाग हाताळावेत.

पाण्यातून काढलेला भाग शेवटी गरम पाण्याने धुवावा, म्हणजे धातू तापून लवकर वाळतो. उरलेले पाणी हवेच्या झोताने सांध्यांतून आणि भोकांतून बाहेर काढावे. नंतर मेण व तेलाचा अंश काढणाऱ्या रंगकामाच्या द्रवाने पुसून त्याच दिवशी दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) हात द्यावा. खड्डे भरण्याच्या जाड प्रायमरवर भिस्त ठेवू नये. तो सच्छिद्र असतो आणि नुसता ठेवला तर हवेतला ओलावा शोषून पत्र्यापर्यंत नेतो. इपॉक्सीचा थर घट्ट असतो, परंतु उन्हात तो खडूसारखा भुरभुरतो, आणि ठरावीक मुदतीनंतर पुढचा थर देण्यापूर्वी त्याला घासावे लागते. ही मुदत उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेली असते. फॉस्फॉरिक ॲसिडचे गंजपरिवर्तक (गंजाचे स्थिर थरात रूपांतर करणारे द्रावण) आधी वापरले असेल तर तेच पत्रक आणखी काळजीपूर्वक वाचावे, कारण ॲसिडचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर अनेक इपॉक्सी नीट धरत नाहीत.

रंग न देता येणारे भाग

क्रँकशाफ्ट, सिलिंडरच्या आतल्या भिंती, गिअर, ब्रेक डिस्क यांना रंग चालत नाही. अशा भागांवर साठवणीसाठीच बनवलेले गंजरोधक तेल किंवा ग्रीस लावावे. पाणी हटवणारे पातळ स्प्रे भाग ओला असताना उपयोगी पडतात, पण त्यांचा थर फार काळ टिकत नाही. त्यांच्या भरवशावर इंजिनचा ब्लॉक महिनाभर ठेवू नये. बाष्पाद्वारे गंज रोखणारा, व्हीसीआय नावाने मिळणारा कागद किंवा पिशवी लहान भागांसाठी फार सोयीची आहे, मात्र तिचे तोंड बंद असेल तरच ती काम करते. ब्रेक सिलिंडरमधील रबरी सील खनिज तेलाने फुगतात, म्हणून तेल लावण्यापूर्वी ते काढून ठेवावेत आणि जोडणीपूर्वी ब्रेक क्लीनरने तेलाचा अंशही राहू देऊ नये. सिलिकॉनचे स्प्रे रंगकामाच्या जागेत आणूच नयेत, कारण ते उडालेल्या जागी रंग धरत नाही आणि बारीक खळगे पडतात.

साठवण

हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर गंजाचा वेग बराच मंदावतो. एक साधा आर्द्रतामापक खोलीत लावावा आणि शक्य असल्यास आर्द्रता कमी करणारे यंत्र ठेवावे. थंड रात्रीनंतर सकाळी दमट, उबदार हवा आत आली की इंजिनच्या ब्लॉकसारखे जड भाग अजून थंडच असल्याने त्यांना घाम फुटतो. अशा वेळी दारे सताड उघडण्याचा मोह टाळावा. रॉकेलच्या किंवा गॅसच्या उघड्या शेगडीने खोली तापवू नये, कारण ज्वलनातून पाण्याची वाफही निघते. भाग काँक्रीटच्या जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा मांडणीवर ठेवावेत, आणि मोठ्या भागांवर प्लॅस्टिकऐवजी हवा खेळू देणारे कापड टाकावे. महिन्यातून एकदा प्रत्येक भाग प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावा. पहिला तांबूस ठिपका पुसून तेल लावणे हे काही मिनिटांचे काम असते.

जोडताना

एकावर एक येणाऱ्या पत्र्यांच्या कडा वेल्डिंगनंतर आतून रंगवता येत नाहीत. तिथे आधीच जस्तयुक्त, वेल्डिंग सोसणारा प्रायमर लावावा, पण प्रत्यक्ष वेल्डच्या रेषेवर त्याचा थर पातळच ठेवावा. वेल्डिंगनंतर सांध्यावर इपॉक्सी आणि मग सांधा बुजवणारा सीलर द्यावा. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भेटतात तिथल्या बोल्टांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारे वंगण, लावावे. ओलावा मिळताच या दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते.

रंगकाम पूर्ण झाल्यावर दरवाज्यांच्या पोकळ्यांत, पायपट्टीखालच्या बंद पेटीत आणि चासीच्या नळ्यांत लांब नळीच्या नोजलने पोकळीसाठीचे मेण फवारावे. हे काम वेल्डिंग पूर्ण संपल्यावरच करावे, कारण मेण पेट घेते. फवारणीनंतर मेण सगळ्या कडांपर्यंत पसरू द्यावे आणि ते घट्ट होण्यापूर्वी खालची निचऱ्याची भोके तारेने एकेक करून मोकळी करावीत. ती बुजलेली राहिली तर आत शिरलेले पाणी आतच साचून राहते.