स्टॅकाटोचा ठिपका माउसने ओढू नका

दुसऱ्या कुणी संगणकावर टाइपसेट केलेला पार्ट, म्हणजे एका वादकाची स्वरलिपी, हातात आला की मी आधी स्टॅकाटोचे (स्वर तुटक वाजवायच्या खुणेचे) ठिपके बघतो. ते हाताने ओढून बसवले असतील तर लगेच कळतं: एका बारमधले (दोन उभ्या रेघांमधल्या भागातले) चार ठिपके, चौघांचं अंतर वेगळं.

मूळ नियम सोपा आहे. खूण नोटेच्या गोल डोक्याकडे, उभ्या दांडीच्या विरुद्ध बाजूला. एका स्टाफवर (पाच रेषांच्या पट्टीवर) दोन आवाज, म्हणजे दोन स्वतंत्र सुरावटी, असल्या की मात्र वरच्याच्या खुणा वर, खालच्याच्या खाली.

खरी मेख उंचीत आहे. स्टाफच्या आतला ठिपका रेषेवर बसवायचा नाही, तो रेषेत बुडतो. त्याची जागा दोन रेषांमधल्या घरात. ट्रेबल क्लेफमधला (उंच स्वरांच्या स्टाफवरचा) मधल्या रेषेवरचा बी हा स्वर घ्या, दांडी खाली. लगतच्या घरात ठिपका डोक्याला चिकटेल, म्हणून तो ते घर सोडून सगळ्यात वरच्या घरात जातो. शेजारच्या सीचा ठिपकाही त्याच घरात. स्वर दोन, ठिपक्यांची उंची एक, आणि हेच बरोबर आहे! इथेच अनेकांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं आणि ओढाओढ सुरू होते.

ती पुढे महागात पडते. समजा दुसऱ्या घरातला ए आहे: दांडी वर, ठिपका खाली. बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी पार्ट एक टोन वर नेला की त्याचा बी होतो, दांडी खाली वळते, ठिपका वर जातो. तुम्ही हाताने दिलेली सरक तशीच राहिली, तर ठिपका भलत्याच जागी जातो.

म्हणून मुजस्कोअर या स्वरलिपी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये खुणेची बाजू बदलायची तर ती निवडून एक्स दाबा. अंतर कमी वाटलं तर फॉरमॅट मेन्यूतल्या स्टाइलमधून बदला, म्हणजे सगळ्या फाइलला सारखं लागतं. आधीच ओढलेल्या खुणा राइट क्लिकने सिलेक्टमधून एकदम निवडा आणि कंट्रोल-आर दाबा. त्या मूळ जागी येतात.

ठिपका आणि अ‍ॅक्सेंट (जोर द्यायची खूण) एकत्र असतील तर ठिपका डोक्याजवळ, अ‍ॅक्सेंट त्याच्या बाहेर. ठिपका आणि टेन्युटो (स्वर पूर्ण धरायची आडवी रेघ) स्लरच्या, म्हणजे स्वर जोडून वाजवायच्या कमानीच्या आत, फर्माटा (स्वर लांबवायची खूण) बाहेर. टायने (एकाच स्वराच्या नोटा जोडणाऱ्या कमानीने) जोडलेल्या नोटांमध्ये अ‍ॅक्सेंट पहिल्या नोटेवर, स्टॅकाटो शेवटच्या.

तपासणी स्क्रीनवर झूम करून करू नका. पान खऱ्या आकारात छापा, स्टँडवर ठेवा आणि वादक बसतो तितक्या लांबून वाचा. जो ठिपका तिथून दिसत नाही, त्याच्यासाठी पुन्हा स्टाइलमध्ये जा.