मणक्याचं ऑपरेशन ठरवण्याआधी

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्यांना किंवा दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्यांना कंबरेतून पायात कळ आली, की एमआरआय होतो आणि 'गादी' (दोन मणक्यांमधली मऊ चकती) 'सरकली' म्हणून घर हादरतं. पण कसलाच त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी दिसते. रिपोर्टवर नाही, लक्षणांवर निर्णय घ्या.

आधी पाय बघा. टाचांवर दहा पावलं चाला. पाऊल उचलत नसेल, चप्पल निसटत असेल, तर नस दबून स्नायू कमजोर झालाय. सर्जनला लगेच दाखवा. लघवी अडली, संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जळगाव-धुळ्याचं मोठं हॉस्पिटल गाठा. अशा वेळी एकेक तास महत्त्वाचा असतो.

हे काही नसेल तर सहा ते बारा आठवडे थांबता येतं. बहुतेकांची कळ तेवढ्यात ओसरते. अंथरुणाला खिळू नका, दोन दिवसांपेक्षा जास्त तर नकोच. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, थोडं थोडं चाला, फिजिओथेरपी करा. मणका चोळून 'बसवून' घेऊ नका.

ऑपरेशनने पायाची कळ चांगली जाते, नुसत्या कंबरदुखीची तेवढी खात्री नसते. जंतुसंसर्ग, नसेचं आवरण फाटणं, गादी पुन्हा सरकणं हे धोके आहेतच. सर्जनला विचारा: नुसता गादीचा सरकलेला तुकडा काढणार की स्क्रू टाकून मणके जोडणार, आणि जोडायचे तर का? तंबाखू-बिडीमुळे जोड नीट धरत नाही. साखर आधी आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.