एआय एजंटसाठी सिम्बॉल शोधणारं टूल कसं बांधायचं

"बजाजचे दहा शेअर घे" असं एजंटला (तुमच्या वतीने काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) सांगितलं, तर नक्की कोणते? बजाज ऑटो, बजाज फायनान्स, बजाज फिनसर्व्ह की बजाज होल्डिंग्ज? दलाल असता तर त्याने विचारलं असतं. एजंटमागचं मॉडेल मात्र आठवणीतला एखादा सिम्बॉल (बाजारातलं शेअरचं छोटं सांकेतिक नाव) ठोकून मोकळं होतं, आणि ती आठवण जुनी असते. झोमॅटोचा सिम्बॉल २०२५ मध्ये 'इटर्नल' झाला. सेसा गोवा आधी सेसा स्टरलाइट आणि मग वेदांता झाली. त्यामुळे पहिला नियम हाच: सिम्बॉल मॉडेलने लिहायचा नाही, टूलने (एजंट वापरतो त्या छोट्या प्रोग्रॅमने) द्यायचा.

खालची मांडणी झिरोधा या दलाल कंपनीच्या काइट कनेक्टमधल्या (प्रोग्रॅमला बाजाराशी जोडणाऱ्या सेवेतल्या) इन्स्ट्रुमेंट यादीवर, म्हणजे व्यवहाराच्या शेअर, ऑप्शन वगैरेंच्या यादीवर, आधारलेली आहे. ही यादी सीएसव्ही स्वरूपात मिळते आणि दिवसातून एकदाच तयार होते. सकाळी साडेआठच्या सुमारास एकदा उतरवा, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरा आणि दिवसभर तीच वापरा. आधी तात्पुरत्या टेबलात भरा, ओळी मोजा. कालच्या निम्म्याही आल्या नसतील तर फाइल अर्धवट उतरली आहे असं समजून जुनंच टेबल चालू ठेवा. यादीत शेवटच्या भावाचाही रकाना असतो, तो भरताना गाळा. तो चालू भाव नसतो, पण मॉडेलला दिसला की ते तो 'आजचा भाव' म्हणून सांगून टाकतं.

कायमची नोंद ठेवायची तर एक्स्चेंज आणि सिम्बॉल ही जोडी किल्ली धरा. यादीतलं अंकी टोकन (प्रत्येक ओळीचा ओळख-क्रमांक) धरू नका. डेरिव्हेटिव्हची (फ्युचर-ऑप्शन करारांची) टोकनं एक्स्पायरीनंतर, म्हणजे मुदत संपल्यावर, दुसऱ्याच काँट्रॅक्टला मिळू शकतात.

शोधाचा क्रम असा ठेवा: आधी तंतोतंत सिम्बॉल, मग सिम्बॉलची सुरुवात, मग टोपणनावांचं टेबल आणि शेवटी कंपनीच्या नावात अंदाजे शोध. शेवटच्या पायरीला एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सोयीचा ट्रायग्रॅम टोकनायझर (शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करणारा) पुरतो, पण त्याला किमान तीन अक्षरं लागतात. लार्सन अँड टुब्रोचा सिम्बॉल 'एलटी' दोनच रोमन अक्षरांचा, म्हणून तंतोतंत जुळणी आधी नसेल तर तो सापडणारच नाही. 'एम&एम' आणि 'बजाज-ऑटो' मधली चिन्हं एफटीएस५ च्या व्याकरणात अडकून चूक देतात, तेव्हा शोधशब्द दुहेरी अवतरणात गुंडाळा. हेच & चिन्ह पुढे भाव मागवताना यूआरएलही तोडतं; तिथे ते %२६ असं, पण इंग्रजी अंकांत, लिहावं लागतं.

टोपणनावांचं टेबल हाताने बनवावं लागतं आणि कंटाळा करून चालत नाही. जुनी नावं, बोलीतली नावं ('स्टेट बँक', 'एल अँड टी') आणि देवनागरी रूपं त्यात हवीत. 'रिलायन्स' आणि 'रिलायंस', 'बँक' आणि 'बॅंक' अशी दोन्ही लेखनं ठेवा.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ते ऑप्शन. यादीत डेरिव्हेटिव्हच्या 'नाव' रकान्यात मूळ शेअरचंच नाव असतं. म्हणून 'रिलायन्स' शोधलं की शेकडो कॉल-पुटखाली (खरेदीचा हक्क देणारे ते कॉल, विक्रीचा देणारे ते पुट) मूळ शेअर गाडला जातो. एजंटने प्रकार सांगितला नसेल तर फक्त शेअर, ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) आणि निर्देशांक शोधा. ऑप्शनसाठी मूळ नाव, एक्स्पायरी, स्ट्राइक (करारात ठरलेला भाव) आणि कॉल की पुट, हे वेगवेगळे इनपुट घ्या. सिम्बॉल जोडून बनवण्याचा मोह टाळा. साप्ताहिक काँट्रॅक्टच्या सिम्बॉलमध्ये महिना एकाच अक्षराने किंवा अंकाने येतो आणि पुढे तारीख येते. मासिकमध्ये महिन्याची तीन अक्षरं असतात, तारीख नसते. महिन्याची शेवटची एक्स्पायरी मासिक पद्धतीने लिहिली जाते, आणि सूत्र नेमकं तिथे फसतं.

वारही गृहीत धरू नका. निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारची होती, १ सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारवर गेली. सुट्टी आली की आणखी सरकते. 'सर्वांत जवळची' हा पर्याय टूलमध्येच द्या आणि तारीख यादीच्या रकान्यातून काढा. एक्स्पायरीच्या दिवशी साडेतीननंतर मात्र त्या ओळी वगळा, कारण यादीत त्या तशाच असतात. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याची 'आज' म्हणजे कालची तारीख असते. 'आज' भारतीय वेळेनेच मोजा. लॉटही (एका काँट्रॅक्टमधली संख्या) त्या ओळीतूनच वाचा: निफ्टीचा लॉट २०२४ या एकाच वर्षात ५० वरून २५ आणि मग ७५ झाला.

'-बीई' शेपूट असलेला सिम्बॉल ट्रेड-टू-ट्रेड सिरीजचा असतो, त्यात इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) चालत नाही. ही सूचना निकालात द्या. शेपूट ओळखताना नुसत्या आडव्या रेघेवर तोडू नका, नाहीतर 'बजाज-ऑटो' तुटून 'ऑटो' नावाची सिरीज तयार होईल. 'निफ्टी ५०' हा निर्देशांकही यादीत आहे, पण तो विकत घेता येत नाही. त्या ओळीवर 'व्यवहारयोग्य: नाही' लिहा.

निकालात दहापेक्षा जास्त ओळी नकोत. सोबत एकूण किती जुळल्या, यादी कोणत्या तारखेची आहे आणि स्थिती काय ('एकच', 'अनेक', 'नाही') हे द्या. 'अनेक' असेल तर वापरकर्त्याला विचार, स्वतः निवडू नकोस, असं टूलच्या वर्णनात स्पष्ट लिहा. 'नाही' असताना जवळची तीन नावं सुचवायला हरकत नाही, पण स्थिती 'नाही'च राहू द्या. ती बदलली की एजंट पहिलं नाव उचलतो. ऑर्डर टाकण्याची सोय या टूलमध्ये ठेवूच नका.

चालू करण्याआधी हे शब्द टाकून बघा: 'एलटी', 'एम&एम' आणि 'बजाज-ऑटो' यांना एकेकच शेअर यायला हवा; 'झोमॅटो'ला इटर्नल; 'बजाज' आणि 'किर्लोस्कर' यांना 'अनेक'. आणि 'निफ्टी'ला निर्देशांक, तोही 'व्यवहारयोग्य: नाही' या शिक्क्यासह.